जरठ पेशींचा शेजार

ढालगावच्या पठारावरच्या त्या पवनचक्कीला लिफ्ट नव्हती. नव्या चक्क्यांना असते. ही जुनी होती आणि हिच्या मनोऱ्यात आत नुसती उभी लोखंडी शिडी होती. ईश्वरी मगदूमचं कामच असल्या जुन्या चक्क्या चालू ठेवण्याचं. वर जायचं, यंत्रघर उघडायचं, तेलाचे नमुने घ्यायचे, सैल झालेले बोल्ट आवळायचे आणि खाली यायचं. किडनी बदलल्यावर सगळ्यांनी तिला टेबलावरचं काम मागून घ्यायला सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही. नवी किडनी पोटाच्या खालच्या उजव्या बाजूला बसवतात. तिथं दाब पडू नये म्हणून तिनं कमरेचा पट्टा वेगळा शिवून घेतला, कंपनीच्या डॉक्टरांच्या मागं लागून परवानगी मिळवली आणि वर्षभरात ती पुन्हा शिडीवर दिसायला लागली.

त्या सकाळी मात्र ती मधल्या फलाटापर्यंत पोचली आणि तिथून पुढं तिला चढवेना.

छातीत कळ नव्हती, चक्कर नव्हती. पायच उचलत नव्हते. तिनं पाणी प्यायलं, पाच मिनिटं बसली, पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मांडी थरथरायला लागली. खालून कामावरच्या जोडीदारानं वॉकीटॉकीवर विचारलं, "मॅडम, काय झालं? मी येऊ का?"

"काही झालं नाही," ती म्हणाली आणि उतरली. खाली आल्यावर तिनं हातमोजे काढून गाडीच्या बॉनेटवर आपटले.

ती चौतीस वर्षांची होती. गेल्या दोन वर्षांत तिच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, सकाळी गुडघे आखडत होते, आणि दिवाळीच्या सुमाराला मनगटाला पत्रा लागून झालेला ओरखडा होळी आली तरी पुरता भरला नव्हता. एका डॉक्टरनं हिमोग्लोबिन बघितलं, ठीक होतं. दुसऱ्यानं झोप विचारली, ठीक होती. तिसरा म्हणाला, मनावर ताण असेल, प्राणायाम करा. रिपोर्ट एकजात चांगले येत होते. तिचा नवरा सन्मती ते वाचून खूश व्हायचा आणि तिला मात्र ते फाडून टाकावेसे वाटायचे. काहीतरी निघालं असतं तर निदान त्याला नाव तरी देता आलं असतं.

नाव दिलं ते डॉ. अबिदा मुजावर यांनी. किडनी बसवल्यापासून मिरजेच्या इस्पितळात त्याच तिला तपासत होत्या. त्यांच्या विभागात त्या वर्षी पेशीवय सांगणारं यंत्र आलं होतं. रक्ताची एक कुपी दिली की दुसऱ्या दिवशी पडद्यावर आपल्या शरीराचं चित्र येतं. जिथं पेशी वयाच्या मानानं तरुण असतील तिथं ते फिकट आणि जिथं जुनाट असतील तिथं गडद.

ईश्वरीचं चित्र सगळीकडंच मळकट होतं. आणि खाली उजवीकडं, ओटीपोटाजवळ, घेवड्याच्या दाण्यासारखा एक काळा डाग होता.

"प्रत्येक पेशी रक्तात बारीक बारीक पुड्या टाकत असते," मुजावर मॅडम सांगायला लागल्या. "पुडीवर तिचा पत्ता असतो. ही यकृताची, ही स्नायूची, ही हाडातली. पुडीतला माल बघून ती पेशी कामाची आहे की जरठ झालीय तेही समजतं. यंत्र एवढंच वाचतं."

"जरठ म्हणजे मेलेली?"

"नाही ना, तोच घोळ आहे. पेशी ठरावीक वेळा दुभंगते, एकीच्या दोन होतात. मग कधीतरी तिच्या आतलं काहीतरी बिघडतं आणि ती थांबते. थांबणं चांगलं, नाहीतर कर्करोग व्हायचा. थांबलेल्या बहुतेक पेशी शरीर उचलून टाकतं. पण काही राहून जातात. त्या मरत नाहीत, काम करत नाहीत, आणि गप्पही बसत नाहीत. सतत रसायनं सोडत राहतात. जखम झाल्यावर मदत बोलवायला पेशी जी सोडतात ना, तीच. चार दिवस सोडली तर जखम भरते. वर्षानुवर्षं सोडत राहिली तर आजूबाजूला कायमची सूज राहते, पेशींना धरून ठेवणारं जाळं विरतं. आणि शेजारची चांगली, निरोगी पेशी ती रसायनं खाऊन खाऊन स्वतःही थांबते. मग तीही तेच सोडायला लागते."

"म्हणजे संसर्गच झाला."

"जंतूंशिवायचा. आणि रसायनं रक्तात उतरली की शेजार फक्त शेजारापुरता राहत नाही. हृदय, हाडं, स्नायू, सगळीकडं जातात." मॅडमनी त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. "बाकीच्या पुड्या तुझ्या स्वतःच्या पेशींच्या आहेत. इथल्या पुड्यांमधली जनुकं तुझी नाहीत. आईंची आहेत. आणि आत्ता सगळ्यात जास्त माल इथूनच येतोय."

ईश्वरी डागाकडं बघत राहिली. एकसष्टाव्या वर्षी आईनं तिला किडनी दिली होती. आई म्हणजे पद्मजा चौगुले. त्या जयसिंगपूरला राहायच्या. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली होती.

"आईची किडनी मला म्हातारी करतेय."

"मी तसं म्हटलं नाही. आत्ता रसायनं कुठून येतायत तेवढंच यंत्र सांगतं."

"एकच झालं, मॅडम."

मुजावर मॅडमनी वाद घातला नाही. उपाय सांगितले, आणि एकही धड नव्हता. जरठ पेशींची तोंडं बंद करणारं एक औषध होतं, पण ते प्रतिकारशक्तीही दाबायचं. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून ईश्वरी आधीच तशी गोळी घेत होती, दोन्ही मिळून साध्या सर्दीनं ती आडवी झाली असती. दुसरं औषध सफाईचं. ते जरठ पेशींना मारूनच टाकायचं. "पण त्या किडनीत त्या फार आहेत," मॅडम म्हणाल्या. "काम करत नसल्या तरी जागा धरून आहेत. एकदम काढल्या तर किडनी गळायला लागेल. कदाचित बंदच पडेल."

"मग परत डायलिसिस."

"हो."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"चाळिशीत तुझं हृदय आणि हाडं साठीची असतील. पुढचं मला सांगता येत नाही."

प्रयोगशाळेत वाढवलेल्या किडनीसाठी तिचं नाव यादीत घालायचं ठरलं, पण त्याला किती वर्षं लागतील ते कुणालाच माहीत नव्हतं. ईश्वरी बाहेर आली, गाडीत बसली आणि किल्ली फिरवायची विसरून नुसतीच स्टिअरिंग धरून राहिली. कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं. मग आई आठवली.

*

पद्मजाबाई दर रविवारी सांगलीला ईश्वरीच्या घरी यायच्या. हातात स्टीलचा डबा, डब्यात बिनमिठाची भाजी. आल्या की चप्पल काढायच्या आधी किडनीच्या तपासणीतला आकडा विचारायच्या, "क्रिएटिनिन किती आलं?" मग स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची बाटली उजेडात धरून बघायच्या, किती प्यायलीय म्हणून. किडनी दिल्यापासून हे असंच होतं. ईश्वरीला दही चालतं का, उन्हात जाणं चालतं का, मूल होऊ द्यायचं की नाही, सगळ्यावर त्यांचं मत असायचं आणि प्रत्येक मतात "आपली किडनी" यायची. आपल्या किडनीला जागरण सोसायचं नाही. आपल्या किडनीला ती शिडी नको.

ईश्वरीनं पाच वर्षं हे ऐकून घेतलं होतं. ज्या बाईनं पोट फाडून अवयव काढून दिला तिच्याशी भांडायचं कसं?

त्या रविवारी पद्मजाबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "डोळे बघ कसे खोल गेलेत. पाणी पीत नाहीस तू. आपल्या किडनीचे हाल करतीयस."

"आई, आज नको."

"नको कसं? परवा फोन केला तर तू मनोऱ्यावर. या वयात लोक जपून..."

"कुठल्या वयात?" ईश्वरीचा आवाज चढला. सन्मती आतून बाहेर आला. "कुठल्या वयात गं? चौतीस वर्षांची आहे मी. आपली आपली काय लावलंयस? आपली नाही ती, तुझीच आहे. तुझी म्हातारी किडनी आत बसून मला म्हातारी करायला लागलीय. रक्तातच आलंय. डॉक्टरनी चित्र दाखवलंय मला. काळा डाग आहे तो, काळा!"

"ईशू," सन्मती म्हणाला.

पद्मजाबाई उभ्याच होत्या. त्यांनी सन्मतीला विचारलं, "खरं हे?"

सन्मतीनं मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी डब्यातली भाजी एका भांड्यात काढून ठेवली, डबा विसळला, पुसला आणि पिशवीत घातला. जाताना म्हणाल्या, "भाजी गरम करून घे." नेहमीप्रमाणे बसनं गेल्या. सोडायला येतो म्हणून सन्मती मागं धावला, तर हातानंच नको म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर बोलायच्या, पण ईश्वरी विचारेल तेवढंच. पाण्याचं नाव नाही, क्रिएटिनिनचं नाही. पाच वर्षं ईश्वरीला जी शांतता हवी होती ती अशी एका फटक्यात मिळाली, आणि तिला ती अजिबात सहन होईना. "बोल ना काहीतरी," ती एकदा फोनवर म्हणाली. "काय बोलू?" पद्मजाबाई म्हणाल्या. "तू म्हणशील तसं."

दोघींची तुलना करून बघायची म्हणून मुजावर मॅडमनी पद्मजाबाईंचंही रक्त मागवलं होतं. त्या मिरजेला आल्या तेव्हा ईश्वरी इस्पितळात थांबली होती. आई वाळली होती. ब्लाउज खांद्यावर सैल झाला होता. बाकावर शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. तिनं औषधं आणायला जाताना मूल पद्मजाबाईंकडं द्यायला पुढं केलं. मूल दिसलं की उचलून घेणाऱ्या पद्मजाबाईंनी हात मागं घेतले. "हिच्याकडं द्या," त्या म्हणाल्या. "मी नको."

"आई, ते असं लागत नाही," ईश्वरी दात आवळून म्हणाली.

"असू दे."

"काय असू दे? शिकलेली आहेस ना तू? ते फक्त एका शरीराच्या आत..."

"तुझ्या शरीरात मीच घातलं ना ते," पद्मजाबाई म्हणाल्या. "असू दे म्हटलं की."

रक्त देताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आयुष्यभर नमुन्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईनं स्वतःच्या कुपीवरचं नावसुद्धा वाचलं नाही.

*

त्यांचा निकाल मुजावर मॅडमनी ईश्वरीला एकटीलाच बोलावून दाखवला. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. डावीकडचं ईश्वरीचं, मळकट, डागाचं. उजवीकडच्या चित्रात गुडघे आणि मणके गडद होते, सहासष्ट वर्षांच्या बाईचे असतात तसे. पण पाठीच्या एका बाजूला जी एकुलती किडनी राहिली होती ती फिकट होती. चांगली फिकट.

"आईंची किडनी त्यांच्या वयाच्या मानानं तरुण आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या रक्तात त्रास देणारा माल तुझ्या निम्म्यानंसुद्धा नाही."

"पण... दुसरी तर..."

"दोन्ही किडन्या एकाच पोटात तयार झाल्या. एकसष्ट वर्षं एकच रक्त प्यायल्या. एक तिथंच राहिली, ती अशी आहे. एक तुझ्याकडं आली, ती तशी झाली. म्हणजे आली तेव्हा ती बहुतेक चांगलीच होती."

ईश्वरीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मग झालं काय तिला?"

"नक्की एक कारण नाही. काढल्यापासून बसवेपर्यंत थोडा वेळ ती रक्ताविना बर्फात होती, तो एक धक्का. नाकारली जाऊ नये म्हणून तू गोळी घेतेस, ती किडनीला वाचवते आणि रोज थोडी मारतेही. आणि तू डायलिसिसवर होतीस ती दोन वर्षं. तेव्हा रक्तात जी विषं साठायची, त्यांनी तुझ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी तेव्हाच जरठ व्हायला लागल्या असणार. तेव्हा हे यंत्र नव्हतं, म्हणून बघता आलं नाही. अशा शरीरात एक निरोगी किडनी येऊन बसली."

"म्हणजे तिनं मला नाही. मी तिला."

"पहिल्यांदा कुणी कुणाला, ते आता शोधता येणार नाही, ईश्वरी. तुझ्या पेशींनी तिला केलं, मग तिनं तुला केलं, मग परत. आज मला फक्त चाललेली गडबड दिसते."

"यंत्र मग कशाला आणलंय?" ईश्वरी ओरडलीच. "आधी एक सांगायचं, मग उलटं सांगायचं!"

"यंत्रानं दोन्ही वेळा खरंच सांगितलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तू पहिल्या वेळी घाई केलीस."

ते ईश्वरीला फार लागलं.

घरी आल्यावर तिनं सन्मतीला सगळं सांगितलं. तो उठून लगेच गाडीची किल्ली घ्यायला लागला. "चल, जयसिंगपूरला जाऊ. आत्ता सांगू आईंना."

"थांब."

"थांब काय? त्या जेवत नाहीत धड. मला शेजारच्यांनी फोन केला होता."

"मला विचार करू दे."

विचार कसला, हे तिला स्वतःलाही कबूल करवत नव्हतं. सांगितलं की आई परत येणार. डबा येणार, बाटली उजेडात धरली जाणार. आणि आता तर आईच्या हातात कायमचं एक हत्यार असणार: मी चांगली दिली होती, तू खराब केलीस. शिवाय सफाईचं औषध घ्यावं की नाही हे तिला एकटीला ठरवायचं होतं. आई गप्प होती तोवर ते जमण्यासारखं होतं. आठ दिवस ती गप्प राहिली. त्या आठ दिवसांत ती सन्मतीशी तीनदा भांडली, कामावरच्या जोडीदाराशी एकदा, आणि रस्त्यात मध्ये आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याशी इतकं की लोक जमले. मग एका दुपारी स्वतःच गाडी काढून जयसिंगपूरला गेली.

पद्मजाबाई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सकाळपासून बसल्या असाव्यात, पण दाणे मूठभरच दिसत होते. ईश्वरी समोर जमिनीवर बसली आणि कुठं सुरुवात करावी हे न कळून तिनं शेवटापासून सांगितलं. दोन चित्रं. फिकट किडनी. बर्फ, गोळी, डायलिसिसची दोन वर्षं.

पद्मजाबाईंनी ऐकून घेतलं. हातातली शेंग तशीच होती.

"म्हणजे मी दिली तेव्हा चांगली होती?"

"चांगली होती."

"नक्की?"

"तुझी दुसरी अजून चांगली आहे, आई. मॅडम म्हणाल्या, तरुण आहे म्हणून."

ईश्वरीला वाटलं, आता आई रडेल. डोळ्यांत पाणी आलंही. पण पद्मजाबाईंनी ते पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "मग तू काय केलंस गं तिचं?"

"मी काय करणार?"

"चांगली किडनी दिली होती तुला. पाच वर्षांत वाट लावलीस तिची!"

"अगं मी काही मुद्दाम..."

"सांगत होते पाणी पी म्हणून. सांगत होते त्या शिडीवर जाऊ नकोस."

"पाण्याचा काही संबंध नाही!"

"मग कशाचा आहे?"

"कशाचाच नाही! सगळ्याचा आहे! मला काय माहीत?" ईश्वरी उठून उभी राहिली. "तुला काय वाटतं, मला आवडतं हे? माझ्या पेशींनी तुझ्या किडनीला बिघडवलं, तिनं मला बिघडवलं, आणि कुणाचीच चूक नाही म्हणे. कुणाचीच नाही! मी भांडू कुणाशी?"

"माझ्याशी भांडलीस की," पद्मजाबाई म्हणाल्या. "चांगली भांडलीस. महिना झाला, मला घास गिळवत नाही. पोरीला माझ्या हातानं विष दिलं म्हणून मी..." त्या थांबल्या. "तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलणं सोपं होतं. "आठ दिवस झाले," ईश्वरी म्हणाली.

पद्मजाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ढकललं. ते कलंडलं आणि टरफलं सोपाभर पसरली. "आठ दिवस," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मला तसंच ठेवलंस?"

ईश्वरी खाली बसली आणि टरफलं गोळा करायला लागली. तेवढंच करता येण्यासारखं होतं. गोळा करता करता, मान खाली घालूनच, तिनं औषधाचं सांगितलं. सफाई केली तर रसायनं थांबतील. पण किडनी बंद पडेल कदाचित. म्हणजे आईनं दिलेली किडनी आपल्या हातानं घालवल्यासारखंच.

"तू काय म्हणतेस?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस?" पद्मजाबाईंच्या आवाजात राग तसाच होता. "तुझ्या पोटात आहे, तुझी आहे. ठेव नाहीतर घालव."

पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या "आपली" म्हणाल्या नव्हत्या. तेवढ्यासाठी का होईना ईश्वरीला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आपल्याला एकटं सोडून कुणीतरी निघून गेल्यासारखं झालं.

*

सफाईचं औषध तिनं घेतलं. शिरेतून, थोडं थोडं करून, मध्ये दिवस सोडून. पहिल्या खेपेनंतर काहीच झालं नाही. दुसऱ्या खेपेनंतर पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला आणि क्रिएटिनिन झपाट्यानं चढलं. मुजावर मॅडमनी डायलिसिसचं यंत्र तयार ठेवायला सांगितलं. त्या यंत्राचा आवाज पलीकडच्या खोलीतून ऐकू आला तेव्हा ईश्वरीनं उशी तोंडावर दाबून धरली. दोन वर्षं तिनं तो आवाज ऐकला होता.

पद्मजाबाई रोज यायच्या. राग गेलेला नव्हता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या, नर्सशी बोलायच्या, सन्मतीशी बोलायच्या, ईश्वरीशी कामापुरतं. पण आपली राहिलेली किडनी तरुण आहे ही बातमी त्यांनी सगळ्या वॉर्डला सांगितली होती. शेजारच्या पलंगावरची आजी तर त्यांना रोज काय खाता म्हणून विचारायची, आणि त्या मन लावून सांगायच्या.

"ती खाण्यामुळं नाहीये तरुण," ईश्वरी पलंगावरून कण्हत म्हणायची.

"तुला विचारलंय का कुणी?" पद्मजाबाई म्हणायच्या.

क्रिएटिनिन चढत चढत एका जागी आलं आणि थांबलं. यंत्र लावावं लागलं नाही. किडनीनं आपल्या कामाचा तिसरा हिस्सा गमावला, पण उरलेलं धरून राहिली. महिन्यानं पुन्हा चित्र काढलं. काळा डाग करडा झाला होता. बाकीचं शरीर मात्र जवळपास तसंच मळकट होतं.

"ही सुरुवात आहे," मुजावर मॅडम म्हणाल्या. "रसायनं निम्म्यावर आली. इथून पुढं तू जवळजवळ सगळ्यांच्या वेगानं म्हातारी होशील."

"आणि जे आधीच झालंय ते?"

"थोडं भरून येईल. सगळं नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी सफाई करावी लागेल, आणि दर वेळी किडनी थोडी कमी होईल. यादीत नंबर येईपर्यंत टिकवायची."

"म्हणजे मी बरी झाले की नाही?"

मॅडमनी चष्मा काढला. "याला अजून शब्द नाही, ईश्वरी."

तिनं आभार मानले आणि मनातल्या मनात त्यांना एक शिवी दिली. मनगटावरचा ओरखडा मात्र आता बुजला होता. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, कारण त्यावर आनंद मानला तर बाकीचं मान्य केल्यासारखं झालं असतं.

कंपनीनं तिला नियंत्रण कक्षात खुर्ची दिली. पडद्यावर सगळ्या चक्क्या दिसायच्या, कुठली थांबली, कुठली तापली. काम वाईट नव्हतं. तिला रोज सकाळी ते नकोसं व्हायचं. उन्हाळा सरता सरता तिनं वरिष्ठांशी आठवडाभर हुज्जत घातली आणि एकदा चढून दाखवायची परवानगी घेतली. जोडीदार सोबत, मनात आलं तर कुठूनही परत फिरायचं, अशा अटी.

त्या दिवशी पद्मजाबाईंना कवठेमहांकाळला एका लग्नाला जायचं होतं, आणि ढालगावहून परतताना ईश्वरी तिथं सोडेल म्हणून त्या गाडीत बसल्या. ईश्वरीला ते नकोच होतं. वाटेत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. पठारावर पोचल्यावर पद्मजाबाई छत्री उघडून गाडीशेजारी उभ्या राहिल्या. चक्कीच्या इतक्या जवळ त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पाती फिरताना होणाऱ्या घरघरीनं दचकून त्यांनी एकदा वर बघितलं आणि मग बघतच राहिल्या.

ईश्वरीनं पट्टा आवळला आणि आत शिरली. पहिला टप्पा ती थांबत थांबत चढली. मधल्या फलाटावर आली तेव्हा श्वास फुलला होता, पण मांडी थरथरत नव्हती. तिथं एक लहानशी झडप असते, हवेसाठी. तिनं ती उघडून खाली बघितलं. आई छत्री बाजूला टाकून, दोन्ही हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडत होती. पातीच्या आवाजात एक अक्षर कळत नव्हतं.

ईश्वरीचा सगळा दम तिथंच गेला. अजून किती वर्षं हे ऐकायचं? वर शिडी होती, अजून थोडं तरी सहज चढता आलं असतं, जोडीदारही म्हणाला, मॅडम, चला की. पण तिच्या डोक्यात आईचा ओरडा बसला होता. "चल खाली," ती म्हणाली. एकेक पायरी शिव्या घालत ती उतरली.

बाहेर आल्या आल्या ती म्हणाली, "झालं समाधान? आले उतरून. काय ओरडत होतीस एवढं?"

पद्मजाबाई चकित होऊन तिच्याकडं बघायला लागल्या. "वर जा म्हणत होते," त्या म्हणाल्या. "झडप उघडलीस तेव्हा चेहरा चांगला दिसत होता तुझा. अर्ध्यातनं कशाला आलीस?"

इतका राग ईश्वरीला अख्ख्या वर्षात आला नव्हता, आणि तो नेमका कुणाचा हे तिला अजूनही सांगता आलं नसतं. ती मनोऱ्याच्या दाराशी सिमेंटच्या पायरीवर बसली आणि श्वास जागेवर यायची वाट बघायला लागली. जोडीदारानं पट्टा घ्यायला हात पुढं केला.

तिनं तो दिला नाही.